सात मिनिटं मागे

सां-वोरेलच्या नगरपालिकेचं घड्याळ नऊ वर्षं सात मिनिटं मागे होतं. त्यामुळे महापौर पुजोल यांचं दुपारचं जेवण रोज सात मिनिटं निवत होतं, आणि गावाला यापेक्षा गंभीर तक्रार नव्हती. गेल्या आठवड्यात ओस्वाल्दो नावाच्या, चिलीहून आलेल्या घड्याळजीने मनोऱ्यावर चढून ते फुकटात बिनचूक करून दिलं. अकरा वर्षांत प्रथमच गाव त्याला 'आमचा ओस्वाल्दो' म्हणालं. हे प्रेम मंगळवारपर्यंत टिकलं.

मंगळवारी पावणेबाराला तो कारकूनबाई जोसियान यांच्यासमोर उभा होता. राहण्याच्या परवान्याची फाइल चारच्या टपालाने गेली नाही, तर परवाना संपणार होता आणि त्याच्यासोबत फ्रान्सही. फाइलमध्ये एकच कागद कमी होता : हा माणूस या गावात राहतो, असा नगरपालिकेचा दाखला.

"विजेचं बिल?" जोसियानबाईंनी हात पुढे केला. "अहो, हे तर गास्तों मोरेलच्या नावावर आहे."

"आधीचे भाडेकरू. घरमालकाने नाव बदललंच नाही. ते वारले, मादाम. तुम्ही अंत्ययात्रेला होतात."

"होते ना. पण बिलाप्रमाणे तिथे तेच राहतात. तुम्ही राहता याला पुरावा काय?"

"तुम्ही माझ्या समोरच्या घरात राहता! रोज सकाळी मला खिडकी उघडताना बघता!"

"ते शेजारीण म्हणून. इथे मी कार्यालय आहे." बाईंना थोडी दया आली असावी. "पासपोर्टची झेरॉक्स तरी आणा, मग बघू. मशीन मागच्या खोलीत आहे."

ओस्वाल्दो मागे गेला. मशीन गरम होईतो वर बाराचे टोले सुरू झाले. स्वच्छ, खणखणीत, एका सेकंदाचीही चूक नाही. बाराव्या टोल्याला तो झेरॉक्स घेऊन पुढच्या खोलीत आला, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि चौकात चिटपाखरू नव्हतं. घड्याळ पूर्वीसारखं मागे असतं, तर अजून सात मिनिटं शिल्लक असती.

भिंतीवर 'आणीबाणीसाठी' म्हणून महापौरांचा नंबर होता. त्याने फोन लावला.

"आग लागलीय?" पुजोल यांनी विचारलं.

"नाही, मस्यु. मी आत अडकलोय."

"पाणी शिरलंय?"

"नाही."

"मग? आम्ही अजून सॅलडवर आहोत!"

अर्ध्या तासाने त्याने पुन्हा फोन केला. महापौर चीजवर पोहोचले होते आणि चीजवर असलेल्या माणसाला हाक मारायची नसते, हे अकरा वर्षं इथे राहून कळत नसेल तर परवाना हवाच कशाला, असं त्यांनी विचारलं.

ब्रेड आणायचा विसरल्यामुळे धावतपळत निघालेल्या ओदेतबाई खिडकीपाशी थांबल्या.

"जेवलात का, मस्यु?"

"मादाम, मी कोंडलो गेलोय!"

"असू दे, दोनला उघडतं," असं प्रेमाने सांगून त्या गेल्या.

ही बातमी त्यांनी घरी सुपाबरोबर वाढली. शेजारी भाजलेल्या कोंबडीपर्यंत तिचं 'परदेशी माणूस नगरपालिकेत घुसला' झालं, आणि गावाची कॉफी होईतो त्याने कुलूप फोडलं होतं. मात्र दरोडेखोराला पकडायला जेवणावरून कोणी उठलं नाही. दोनला जोसियानबाईंनी कुलूप काढलं, तेव्हा पोलीस लोइक मिशा पुसत त्यांच्यासोबत होता.

टेबलावर नगरपालिकेचा शिक्का दोन तास उघडा पडला होता. लोइकने तो हुंगून पाहिला.

"मारला का कुठे?"

"नाही."

"मग आत थांबलात कशाला?" त्याला खरोखरच कळेना. पण वही उघडली होती, तेव्हा पंचनामा आलाच. "नाव? ... पत्ता?"

"तीन, चांभार गल्ली."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"माहितीय हो, माझं घड्याळ दुरुस्तीला तिथेच टाकतो मी." लोइकने गुन्हा लिहिला : 'जेवणाच्या सुट्टीत सरकारी कार्यालयात विनाकारण उपस्थिती.' खाली सही केली, पोलिसी शिक्का मारला आणि एक प्रत आरोपीला दिली.

जोसियानबाईंनी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. चष्मा लावला. नाव होतं, पत्ता होता, वर्षं होती, शिक्का होता. त्यांनी निमूटपणे दाखला लिहिला, त्यावर आपला शिक्का आपटला आणि चिडून म्हणाल्या, "हा कागद सकाळीच आणायला काय झालं होतं तुम्हाला?"

फाइल चारच्या टपालाने गेली. परतताना ओस्वाल्दो कोणालाही न विचारता मनोऱ्यावर चढला. परवाना पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा होता. त्याने हळूच काटा सरकवला, सात मिनिटं मागे.