बहुमताने बसवलेली भिंत

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, बाजारातले काटे तपासायचे आणि वजनात चिमूटभर कमी भरलं तरी दुकानदाराला घाम फोडायचे, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. अशा माणसाने स्वतःच्या घरात काय करावं? शक्यतो काही करू नये. पण एका रविवारी चहा पिता पिता ते म्हणाले, “सुतार कशाला हवा? मीच बसवतो.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बसवायचं होतं ते शिपलॅप. म्हणजे लाकडाच्या लांब आडव्या फळ्या. प्रत्येकीच्या कडेला खाच, एकीच्या खाचेवर दुसरीची कड चढते आणि साधी भिंत बोटीच्या अंगासारखी दिसू लागते. (घरात बोट कशाला, असं साहेबांच्या आईने विचारलं होतं.) कल्पना मुलीची होती, पण गरज बायकोची.

बायको चित्रकलेची शिक्षिका. शाळेने चित्रकलेचा तासच बंद केला तशा बाई घरी बसल्या. तक्रार केली नाही, रडल्या नाहीत. फक्त रंगांची पेटी कपाटावर चढवली आणि भाजी चिरताना गुणगुणणं बंद केलं. साहेबांना ते फार लागलं होतं. तोंडाने बोलतील तर शपथ, पण स्वयंपाकघरातून नुसता सुरीचा आवाज आला की त्यांना पेपर वाचवत नसे. आता मुलीने खटपट करून थोडी मुलं जमवली होती. येत्या शनिवारी सकाळी बाई बैठकीच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून पहिला वर्ग घेणार होत्या. अडचण एकच, मागची भिंत. ओल कधीच बंद झाली होती, पण डाग असा राहिला होता की बघणाऱ्याचं लक्ष बाईंकडे जाणं कठीण. (मुलीला त्या डागात उंट दिसे, साहेबांच्या आईला आपला धाकटा दीर.)

वखारवाल्याने फळ्या देताना सांगितलं, “साहेब, पहिली फळी तेवढी सरळ बसवा. बाकीच्या तिच्यामागे मुकाट येतात.”

“सरळ म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगणार?” साहेब म्हणाले.

वखारवाल्याने फळ्या मोजायला घेतल्या. त्याच्याकडेही वजनकाटा होता.

साहेबांनी भिंतीला आधाराच्या पट्ट्या ठोकल्या, पहिली फळी तळाशी धरली आणि तिच्यावर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा अगदी मधोमध येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. मग स्क्रू मारले, त्याच मापाने वर आणखी दोन फळ्या चढवल्या आणि घराला बोलावलं.

घर आलं. घराने माना तिरक्या केल्या.

“तिरकी आहे,” मुलगी म्हणाली.

“अशक्य.”

“बाबा, खाली बघा ना. या टोकाला फळी जमिनीला टेकलीय आणि त्या टोकाला खालून मांजर जाईल.”

आता या घराबद्दल थोडं सांगायला हवं. या घरात काहीही सांडलं, निसटलं, हरवलं की ते खिडकीखाली सापडायचं. पेन, गोळ्या, बटाटे, एकदा तर आईचा चष्म्याचा डबा. आई नव्या पाहुण्यांना हा घराचा गुण म्हणून सांगायची. जमिनीला उतार आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण जमिनीबरोबर छतही उतरलं होतं, खिडकीही, दाराची चौकटही. सगळं घर एकदिलाने एका बाजूला खचलं होतं आणि त्यामुळे आतून बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नसे.

“बुडबुडा बघा,” साहेब म्हणाले. “बुडबुडा खोटं बोलत नाही.”

“अरे, तुझी बाटली बिघडली असेल,” आई म्हणाली.

साहेबांनी पाणसळ उलटी फिरवून पाहिली. बुडबुडा पुन्हा मधोमध. त्यांनी ती आईला दाखवली. आईने बुडबुड्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाचामुखी परमेश्वर म्हणतात. बुडबुड्यामुखी नाही म्हणत.”

साहेब अजूनही हटले नसते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा, हे त्यांनी निम्म्या बाजाराला दरडावून शिकवलं होतं. पण बाईंनी भिंतीवरच्या डागाकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, “राहू दे हो. मी मागे चादर लावीन. नाहीतरी पहिलाच वर्ग आहे, चालला तर चालला.”

त्या ‘चालला तर चालला’ने साहेबांचा निकाल लावला. सरळपणा मोठा की बायकोचा वर्ग, हे त्यांनी मनात एकदाच तोललं आणि स्क्रू काढायला बसले. तिन्ही फळ्या उतरवल्या, पाणसळ खुर्चीखाली सारली आणि पहिली फळी जमिनीला समांतर लावली. आयुष्यात पहिल्यांदाच आपण माप मारतोय असं त्यांना वाटत होतं, आणि कपाळाला घाम फुटला होता. बाकीच्या फळ्या वखारवाल्याने सांगितल्याप्रमाणे मुकाट आल्या. वरून पांढरा रंग लागला. घर पुन्हा बोलावलं गेलं.

“आता कशी सरळ झाली,” आई म्हणाली. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि रंगांची पेटी खाली काढून द्या म्हणाल्या. साहेबांनी ती धूळ न पुसताच छातीशी धरून आणली.

शनिवारी बाई टेबलामागे ताठ बसल्या, समोर एक तांब्या ठेवला आणि वर्ग सुरू झाला. साहेब कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने दारात उभे होते. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतली मुलं आधी बाईंकडे बघत होती. मग एकेकाची मान कलायला लागली.

“बाई,” एका मुलीने विचारलं, “तुम्हाला चक्कर येतेय का?”

“नाही. का गं?”

“तुम्ही पडताय.”

बाईंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं. मागची भिंत रुळासारखी सरळ आणि तिच्यापुढे आपण खिडकीकडे कललेल्या. त्यांनी स्वतःला सावरलं. पडद्यावर त्या सरळ झाल्या आणि इकडे खुर्चीवरून जवळजवळ खाली आल्या.

“अहो, जरा इकडे या,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. (लग्न झालेल्या माणसाला या आवाजाचा अर्थ सांगायला नको.)

साहेब भिंतीपुढे येऊन उभे राहिले. तेही कलले. सगळी मुलं खिदळली. मग साहेबांनी खुर्चीखालची पाणसळ काढली, टेबलावर ठेवली, जमिनीवर ठेवली, फळीवर ठेवली. बुडबुडा दर वेळी एकाच टोकाला पळाला. लॅपटॉप तिरका, टेबल तिरकं, भिंत तिरकी, घर तिरकं, आणि सगळी एकाच मापाने तिरकी म्हणून पडद्यावर सरळ. घरात सरळ उभी फक्त माणसं होती.

“म्हणजे माझंच बरोबर होतं,” साहेब म्हणाले. आवाज जरा चढलाच.

“मग आमचं ऐकलंत कशाला?” बाई म्हणाल्या. “पाणसळ तुमच्या हातात होती ना?”

साहेबांनी पाणसळ पाठीमागे लपवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते वर्ग बुडाला या विचाराने पांढरे पडून बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचे ओठ थरथरत होते. मग ते थरथरणं सुटलं आणि बाई हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. शाळा सुटल्यापासून हे हसू घरात कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांना इतकं बरं वाटलं की आणखी चार भिंती तिरक्या करायला ते तयार झाले असते.

“मुलांनो, तांब्या राहू दे,” बाई म्हणाल्या. “आज समोर जे दिसतंय तेच काढायचं. जे असायला हवं ते नाही, जे दिसतंय ते. काका हलणार नाहीत.”

काका हलले नाहीत. पाय भरून आले, नाक खाजलं, तरी बायकोच्या वर्गासाठी ते फळ्यांपुढे सरकारी खांबासारखे उभे राहिले. तास संपल्यावर मुलांनी आपापली चित्रं कॅमेऱ्यासमोर धरली. प्रत्येकात भिंत ताठ होती आणि एक गृहस्थ खिडकीकडे कोसळत होते. एकाने तर त्यांना आधाराला काठी दिली होती.

शेवटचं चित्र सगळ्यांत लहान मुलीचं. तिने एकूण एक फळी काढली होती, फळ्यांमधल्या खाचा काढल्या होत्या, स्क्रूची डोकीसुद्धा सोडली नव्हती. साहेब मात्र कुठेच नव्हते.

“छान. पण काका कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

“ते मध्ये येत होते,” ती म्हणाली.

बाईंनी जराही विचार न करता पहिला नंबर तिला दिला.