भिडेखातर भोपळा

तोगाशी-सान खोटं बोलले ते निव्वळ भिडेपोटी, आणि तेसुद्धा एवढंसं. पण सप्पोरोत भिडेपोटी बोललेलं खोटं मागे घेता येत नाही. ते निभवायचं असतं.

झालं असं, की शरद ऋतूतल्या एका गुरुवारी दुपारी ते माकिए-सानच्या सूप करीच्या दुकानात पहिल्यांदाच शिरले. दुकान म्हणजे काय, ट्रामच्या वळणावर औषधांच्या दुकानाला खेटून एक लांबट फळी आणि तिच्यापुढे पाच-सहा खुर्च्या. आत शेगडीपाशी माकिए-सान एकट्या. नवरा होता तेव्हा तो रांधायचा आणि या बोलायच्या. तो गेल्यावर रांधणं यांच्याकडे आलं आणि बोलणं बरंचसं बंद पडलं. जेवणाची गर्दी ओसरली की संध्याकाळपर्यंत तिथे कुणी फिरकत नसे. तोगाशी-सान मुद्दाम त्याच वेळी गेले, कारण चारचौघांत एकट्याने जेवायची त्यांना लाज वाटायची.

माणूस साधा. जन्मभर शहरातली बस चालवली. शेवटच्या थांब्यावर उकळता चहा दोन घोटांत संपवायचा आणि गाडी वळवायची, हीच त्यांची चैन. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी दूर फुकुओकात. त्यांना नावाने हाक मारायची ती फक्त दातांच्या दवाखान्यातली परिचारिका. घरी टीव्हीवरची हवामानवाली बाई "उद्या बर्फ पडेल" म्हणाली, की हे "हो का?" म्हणायचे आणि मग आपले आपणच ओशाळायचे.

वाडगा समोर आला. पातळ, वाफाळता, मसालेदार रस्सा, त्यात कोंबडीची अख्खी तंगडी, उभं गाजर, वांगं, आणि या सगळ्यांच्या उरावर बसलेली तळलेल्या लाल भोपळ्याची जाडजूड फोड. शेजारी ताटलीत भात.

आता या भोपळ्याचं नि तोगाशी-सानचं जुनं वैर होतं. त्यांचं बालपण कोळशाच्या खाणीजवळच्या चाळीत गेलं. तिथे हिवाळाभर दोन्ही वेळा भोपळा असायचा, इतका की पोरांचे तळहात पिवळे पडायचे. चाळ सुटल्यापासून त्यांनी भोपळ्याला तोंड लावलं नव्हतं. पण पानात टाकायचं नाही, हेही त्याच चाळीने शिकवलेलं. तंगडी त्यांनी बघता बघता फस्त केली. मग चमचाभर भात रश्श्यात बुडवायचा, त्यात भोपळ्याचा नखाएवढा तुकडा लपवायचा, डोळे मिटून गिळायचा, पाणी प्यायचं, पुन्हा धीर गोळा करायचा. फोड संपेपर्यंत बाहेर शाळा सुटली होती.

"भोपळा कसा वाटला?" माकिए-साननी विचारलं. "भावाच्या शेतातला आहे."

भावाच्या शेतातला म्हटल्यावर कोण काय बोलणार?

"असा भोपळा मी जन्मात खाल्ला नव्हता," तोगाशी-सान म्हणाले.

"मग या की पुढच्या गुरुवारी. नाव काय आपलं?"

"तोगाशी."

"बरं. सावकाश जा, तोगाशी-सान. फरशी ओली आहे."

तेवढ्या हाकेवर माणूस खूश होऊन घरी गेला. वाटेत दोनदा थांबून त्यांनी ती हाक मनात पुन्हा ऐकली.

पुढच्या गुरुवारी वाडग्यात दोन फोडी होत्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी तीन. तोगाशी-सान त्यांच्याशी झुंजत असताना माकिए-सान चहाचा कप घेऊन समोर बसायच्या आणि मग गप्पा व्हायच्या. बसमध्ये झोपलेले प्रवासी, नवऱ्याचं घोरणं, बर्फ काढणारी गाडी नेमका सगळा बर्फ यांच्याच दारात कसा लोटते, असलं काहीबाही. हे बोलणं पदरात पडतंय तर भोपळाही पडेना का, असं म्हणून तोगाशी-सान गिळत राहिले.

पण प्रकरण वाडग्यात मावेना. एका गुरुवारी माकिए-साननी एक खोकं फळीवर ठेवलं. "भावाने खास तुमच्यासाठी पाठवलेत. म्हणाला, अशी कदर करणारा माणूस आजकाल भेटत नाही."

तीन भोपळे. तोगाशी-साननी ते पाठीला रग लागेस्तोवर घरी आणले. एक देव्हाऱ्यात बायकोच्या फोटोपुढे ठेवला. "तुला आवडायचा ना? घे आता." उरलेले दोन शेजारच्या इगाराशीबाईंना दिले आणि सुटलो म्हणून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर. हातात झाकलेलं पातेलं. "एकट्याने कुठे शिजवत बसाल? गोडसर शिजवलाय. गरम आहे तोवर खा."

आता रिकामं पातेलं परत करायचं नाही, ही रीत जशी तुमच्याकडे तशीच इथेही. तोगाशी-साननी पातेल्यात चांगल्या दुकानातली मिठाई घालून ते परत केलं. बाईंना वाटलं, गृहस्थ भोपळ्यावर फारच खूश झालेले दिसतात. आठवड्याच्या आत त्या भोपळ्याचे वडे घेऊन आल्या. हे वडे तोगाशी-साननी कसे संपवले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हात पिवळे पडलेत का, हे मात्र ते रोज रात्री दिव्याखाली बघायला लागले.

शेवटी त्यांनी एक गुरुवार बुडवला. दुकानातून तयार करीचं पाकीट आणलं, गरम केलं, खाल्लं. भोपळा नाही, भीड नाही, काही नाही. जेवण झालं, वाटी विसळून झाली, आणि घड्याळात पाहिलं तर अख्खी दुपार तशीच शिल्लक. हवामानवाली बाई काहीतरी सांगत होती. या वेळी तोगाशी-साननी उत्तरही दिलं नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

पुढच्या गुरुवारी ते गेले तेव्हा माकिए-साननी वर पाहिलं नाही. "मागच्या खेपेला खुर्ची रिकामी होती," एवढंच म्हणाल्या, आणि वाडग्यात पाच फोडी घातल्या.

घरी येऊन तोगाशी-सान फोटोपुढे बसले. खरं सांगितलं तर भोपळा सुटेल, पण माकिए-सान दुखावतील. त्या दुखावल्या तर गुरुवारही सुटेल. न सांगावं तर पोट हात जोडतंय. "तूच सांग," ते फोटोला म्हणाले. फोटोपुढचा भोपळा मात्र दिवसेंदिवस जास्तच ठणठणीत दिसत होता.

तेवढ्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस आला. त्या दिवशी भोपळा खाल्ला की हिवाळाभर सर्दी होत नाही म्हणतात. माकिए-साननी कमाल केली. अर्धा भोपळा कोरून त्याचाच वाडगा केला, त्यात रस्सा ओतला, आणि वर फोडी रचल्या.

"आज तुमचा दिवस आहे, तोगाशी-सान. भांड्यासकट खायचं."

तोगाशी-साननी चमचा उचलला आणि खाली ठेवला. मग ते खुर्चीवरून उतरले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि इतके वाकले की कपाळ फळीला टेकलं. चष्मा वाफेने आंधळा झाला.

"माफ करा. मला भोपळा आवडत नाही. कधीच आवडला नाही. लहानपणीही नाही, तुमच्याकडेही नाही."

संपलं सगळं, असं त्यांना वाटलं. आता कोटाकडे हात न्यावा की आधी पैसे काढावेत, याचा ते वाकल्यावाकल्या विचार करू लागले.

"ठाऊक आहे," माकिए-सान म्हणाल्या.

तोगाशी-सान सरळ झाले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. भोपळा आवडणारा माणूस असा डोळे मिटून गिळतो होय? औषध घेतल्यासारखं दिसत होतं."

"मग वाढवत का गेलात?"

माकिए-साननी स्वच्छ असलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. "तंगडी कशी खाता तुम्ही, कधी पाहिलंय का? मी वळून बघेपर्यंत हाडं उरलेली असतात. भोपळा नसता तर तुम्ही खाऊन केव्हाच चालते झाला असता. आणि मग संध्याकाळपर्यंत इथे मी आणि ही पातेली."

तोगाशी-साननी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. त्याला आता वाफ नव्हती.

माकिए-साननी तो भोपळ्याचा वाडगा उचलून नेला आणि साध्या वाडग्यात नुसती तंगडी नि रस्सा घालून आणला. तोगाशी-साननी तो सवयीप्रमाणे झटक्यात संपवला. मग दोघं रिकाम्या वाडग्याकडे बघत बसले. आता उठायला हवं होतं. खायचं काही राहिलंच नव्हतं.

"चहा घ्याल?" माकिए-साननी ताटलीकडे बघतच विचारलं.

"गरम आहे?"

"उकळता आहे."

"मग पंचाईत आहे," तोगाशी-सान खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "उकळता चहा मला मुळीच लवकर पिता येत नाही."