चालू होईपर्यंत

बाबीकाका चिंदरकरांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मे महिन्यात कोकमाची सोलं वाळत घातलेली असत, फणसाची साठं असत, आणि त्याच चटईवर, त्यांच्याच रांगेत, एक भिंतीवरचं घड्याळ, एक रेडिओ, इस्त्री, बॅटरी आणि काकांचा जादा चष्मा असा सगळा संसार उताणा पडलेला असे. नवख्या माणसाला वाटे, घरात पाणी शिरलं की काय! आम्हा शेजाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कोणी विचारलंच तर काका सुपारी कातरता कातरता सांगत, "खारो वारो! समुद्राकडे ऱ्हवाचा तर वस्तूंका ऊन दाखवचा. माणसा आंघोळ करतत ना? तसाच ह्या."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मालवणात लोखंड गंजतं हे मलाही मान्य आहे. पण काकांच्या खाऱ्या वाऱ्याला मर्यादाच नव्हती. माझ्या बायकोचे घावणे तव्याला चिकटले, खारा वारा. देवळातल्या भजनात पेटीवाला चुकला, खारा वारा. दहावीचा निकाल घसरला तेव्हा तर भर रस्त्यात मला थांबवून म्हणाले, "मास्तरानू, वर्गाच्यो खिडक्यो पश्चिमेक आसत. पोरांच्या टाळक्यात वारो जाता. तुमचो दोष नाय." सांत्वन म्हणून बोलले होते, म्हणून गप्प बसलो.

काका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे बोलणं मालवणी असलं तरी बिघडलेली वस्तू समोर आली की ते ताबडतोब कचेरीतल्या मराठीवर येत. एकदा माझी स्कूटर चालू होईना. काका दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून आले, हात पाठीशी बांधून एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "सदर वाहनाची समक्ष पाहणी केली असता असे दिसून येते की, प्लगास वाऱ्याची बाधा झालेली आहे." मग प्लग काढून त्याला खोबरेल तेल लावलं. मी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. आत पेट्रोलचा टिपूस नव्हता. एखादा दुसरा असता तर ओशाळला असता. काका म्हणाले, "मगे? पेट्रोल उडवल्यान कोणी?"

असा हा माणूस. चुकला तरी आवाज खाली यायचा नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा विनायक मस्कतला, घरात एकटे. पण एकटेपणाबद्दल कधी अवाक्षर नाही. स्वतः पेज शिजवायची, स्वतः मासे आणायचे, आणि उरलेला वेळ आमच्या घरातल्या वस्तूंची चौकशी.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी विनायक आला आणि मुलीला त्यांच्याकडे ठेवून गेला. नेहा तिचं नाव. चौथी झालेली. तिकडे नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि पोर दिवसभर फ्लॅटमध्ये कुलपाआड, म्हणून हा बेत. जाताना विनायकने बापाला स्पष्ट सांगितलं, ते मी कानांनी ऐकलं. "बाबा, जूनपर्यंत बघू. रुळली तर इथल्या शाळेत घाला. नाही रुळली तर पाचगणीच्या हॉस्टेलला. तिथे सीट सांगून ठेवली आहे."

"रुळात! न रुळूक काय झाला?" काका म्हणाले.

रुळेना. पोर रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, नुसती बोलत नव्हती. विचारलं तर हो, नाही तर नाही. काकांनी तिच्यासाठी काय केलं नाही? शहाळी काढवली, किल्ल्यावर नेलं, पिंगुळीच्या ठाकरांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दाखवून आणला. ती सगळीकडे गेली आणि तितकीच गप्प परत आली. एकदा संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. सुपारीही कातरली नाही. म्हणाले, "मास्तरानू, चेडू माझ्याशी बोलणा नाय हो. जूनात गेला तर माझो झील विनायक काय म्हणात? आणि मी काय करू?" खारा वारा त्या दिवशी निघालाच नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

तिचा जीव एकाच गोष्टीत होता. विनायकने तिच्यासोबत तिचा कॉम्प्युटर पाठवला होता. मालवणात घरात कॉम्प्युटर म्हणजे आक्रीतच. अर्धी आळी बघायला जमली आणि निराश झाली, कारण खोक्यातून निघाली नुसती बटणांची एक चपटी पाटी. तिची एक वायर टीव्हीला लावायची, दुसरी टेपरेकॉर्डरला. खेळ कॅसेटमध्ये. कॅसेट लावली की टेप किंचाळायला लागे, टीव्हीवर रंगीत पट्टे थरथरत, आणि बराच वेळ हे सोसलं की खेळ सुरू होई. म्हणजे व्हायला हवा. इथे आल्यापासून व्हायचं असं, की पट्टे थरथरत थरथरत अगदी शेवटाला येत आणि पडद्यावर इंग्रजीत उमटे की चूक झाली, पुन्हा पहिल्यापासून. नेहा मुकाट्याने कॅसेट मागे फिरवी आणि पुन्हा लावी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी लागे. तोवर काकांचा भात शिजून गार झालेला असे.

आता बिघडलेली वस्तू आणि बाबीकाका! त्यांनी चष्मा चढवला. "सदर यंत्र सुरू होण्यास विलंब लागत असल्याचे निदर्शनास आले आहे. कारण उघड आहे." कॅसेट चटईवर सोलांशेजारी गेली. उन्हात तिचं प्लॅस्टिक असं वाकलं की एक खेळ कायमचा मेला. नेहाने ती कॅसेट हातात घेऊन पाहिली आणि बाजूला ठेवली. काका शरमले, पण हरले नाहीत. टेपरेकॉर्डर रात्रभर तांदळाच्या पिपात पुरून ठेवला. सकाळी त्यातून मूठभर तांदूळ निघाले आणि विलंब होता तितकाच राहिला. खोबरेल तेलाची वाटी घेऊन निघाले तेव्हा मी अक्षरशः आडवा आलो.

मग त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. मी तिथेच होतो. टेप किंचाळत होता. काका टीव्हीसमोर उभे राहिले, उपरणं खांद्यावर घेतलं, हात जोडले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या जा काय यंत्र मस्कतातसून तुझ्या पायाकडे इला आसा, तेच्या वाटेत काय इडापिडा आसात ती भायर काढ, आणि माझ्या नातीक खेळूक गावांदे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सवयीने मी तोंड उघडलं. काकांनी हाताने मला गप्प केलं आणि नातीकडे बघत थांबले.

"आता काय?" नेहाने विचारलं.

"आता तू व्हय म्हाराजा म्हणूचा. न्हायतर देवाक कळाचा कसा, माझ्या वांगडा, माझ्या बाजून कोण आसा ता?"

"व्हय म्हाराजा," ती पुटपुटली.

"देव म्हातारो आसा गो! मोठ्यान!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" ती अशी ओरडली की माडावरचे कावळे उडाले. आणि मग ती हसली. पडद्यावर पुन्हा चूक उमटली तरी हसतच होती.

तेव्हापासून टेप सुरू झाला की काका शेजारी फतकल मारून बसू लागले. पट्टे थरथरायचे आणि काका सांगायचे. तिचा बाप लहानपणी दुसऱ्याचे काजू चोरायला झाडावर कसा चढला आणि मालक खाली विडी ओढत संध्याकाळपर्यंत कसा बसला. तिच्या आजीने कचेरीतल्या मोठ्या साहेबाला सोलकढीत चुकून दुप्पट मिरच्या कशा घातल्या. नेहा विचारायची, "मग?" चूक उमटली की कॅसेट मागे, गोष्ट पुढे. मात्र खेळ लागला की ती पडद्यात शिरायची, आणि काका हळूच उठून भांडी घासायला जायचे.

मला हे सगळं कळत होतं असं नाही. मला दिसत होता एक साधा बिघाड, जो शाळेतल्या पोरानेही शोधला असता, आणि तो माझ्या शेजारच्या घरात महिनाभर नांदत होता. माझा स्वभाव असा, की नळ टपटपला तरी झोप लागत नाही. एका सकाळी मी स्पिरिट आणि कापूस घेऊन गेलो. नेहा टीव्हीसमोरच बसली होती. टेपची वायर उपसली, आणि बघतो तर पिनेवर हिरवट थर! गंज! खाऱ्या हवेने चढलेला, अस्सल! अहो, इतक्या वर्षांत काका पहिल्यांदा बरोबर निघाले होते. माझाच आनंद पोटात मावेना.

"काका! तुमचा खारा वारा! हा बघा!"

काकांनी पिनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "छे! खारो वारो न्हय तो."

"अहो, हे काय मग?"

"रंग आसा. कंपनीनच दिल्लो आसतलो. ठेवा ता तसाच." असं म्हणून माझा दंड धरून त्यांनी मला बाहेर ओट्यावर आणलं. मी थक्क. ज्या माणसाने रिकाम्या टाकीतही खारा वारा पाहिला, तो डोळ्यांसमोरचा नाकारत होता!

"मास्तरानू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ता चालू होयसर चेडू माझ्याकडे बसता. चालू झाला काय माका विसारता. तुम्ही ता झटक्यात चालू करून दिलास तर मी तेच्याशी बोलू कधी? जून इलो. आता खंय जरा जीव लावूक लागला हा. पाया पडतंय तुमच्या, हात लावू नकात."

मी मान हलवली.

तेवढ्यात आत टेप किंचाळायला लागला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. किंचाळणं संपलं, आणि चूक नाही, काही नाही, खेळाची टुणटुण सुरू झाली. पहिल्याच खेपेला! स्पिरिटची बाटली आणि कापूस मी आतच विसरून आलो होतो.

काकांचा चेहरा पडला. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, ओट्यावर एवढासा होऊन बसला. मी मनात स्वतःला लाखोली वाहिली.

टुणटुण थांबली. नेहा दारात आली. बोटांना हिरवं लागलं होतं, ते तिने फ्रॉकला पुसलं.

"खेळ गो बाय," काका म्हणाले. "चालू झाला ना? खेळ."

"बंद केला मी." ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आजोबा, ती पिन खराब आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मस्कतला पण व्हायची. पप्पा पुसायचे."

काका तिच्याकडे वळले. "मगे पुसलंस नाय कित्या गो इतके दिवस?"

"पुसली असती तर तुम्ही उठून गेला असता." ती पायांकडे बघत म्हणाली. "तुम्ही आत्ता बोललात ते ऐकलं मी, म्हणून आज पुसली. आजोबा, मला हॉस्टेलला नाही जायचं. पप्पांना सांगा ना."

काकांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून माझ्याकडे मान वळवली.

"मास्तरानू, पोस्टात जावा आणि मस्कताक फोन लावा. तुम्हीच सांगा विनायकाक. माझ्याच्यान बोलूक होवचा नाय."

मी चपला घातल्या आणि निघालो. नेहा माझ्यामागून धावत आली आणि म्हणाली, थांबा, मी पण येते, आणि आजोबांना पण घेऊया.