शांतवनअण्णांच्या चपला

आमच्या शेजारचे शांतवनअण्णा भर दुपारी यायचे आणि पायातल्या चपला काढून माझ्या हातात द्यायचे. "ठेवा, व्यंकटराव. मी मागितल्या तरी देऊ नका." मग तापलेल्या फुफाट्यातनं उड्या मारत आपल्या घरी जायचे.

कारण भजी. उदगीरच्या स्टँडवर मारुतीचा गाडा होता. डॉक्टरनं अण्णांना तेलकट बंद केलेलं, अन् जीव सगळा भज्यात. अनवाणी पायानं त्या उन्हात स्टँड गाठणं जमायचं नाही, म्हणून ही युक्ती.

अण्णा चर्चची घंटा वाजवायचे. मी त्यांच्या धर्माचा नाही, शिकलोही दोनच बुकं. पण सैतान कसा असतो ते मला त्यांनीच सांगितलं. "त्याला शिंगं नसतात. ओळखीचा होऊन येतो, भूक लागल्यावर येतो, अन् एकच बोलतो. एवढ्यानं काय होतंय." कुणी हे बोललं की अण्णा दचकायचे. माझ्या बायकोनं, गंगूनं, एकदा त्यांच्या ताटात चौथी भाकर टाकत तेच म्हटलं. अण्णा हात धुऊन उठले. मला सैतान केलं की हो ह्या माणसानं, म्हणत ती दोन दिवस हसत होती.

मग लातूर जिल्हा झाला. जिल्हा नवा आला, पाऊस मात्र आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात फक्त चर्चच्या विहिरीला पाणी. तिच्या कुलपाची किल्ली अण्णांकडं, दर घराला दोन घागरी. मी तिसरी मागितली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं अन् किल्ली गंगूच्या हातात दिली. "वहिनी, तुम्हीच ठेवा. ह्यांच्या तोंडाकडं बघून माझा हात ढिला पडायलाय." गंगूनंही तिसरी दिली नाही.

त्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. घर खायला उठलं. दिवस कलला की मी शिंदीच्या दुकानाची वाट धरू लागलो. आधी एक गिलास, मग शुद्ध असेपर्यंत.

अण्णांचं चपला आणणं मधे कधी थांबलं होतं, मला आठवत नाही. आता पुन्हा सुरू झालं, पण नेमकं माझ्या निघायच्या वेळेला. "आज भज्यांचा लई वास सुटलाय. राखणीला बसा. तुम्ही उठलात की मी चपला घेऊन पळतो." दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, मग उठणार कसं? मी बसून राहायचो, शिव्या घालत. ऊन उतरल्यावर माणूस अनवाणीही स्टँडवर जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

महिनाभर हेच. शेवटी मलाच दया आली. एका दुपारी त्यांच्यासाठी चार भजी आणायला स्टँडवर गेलो. गाडा नव्हता. चहावाला म्हणाला, लातुरात कलेक्टर कचेरी झाली, मारुती दिवाळीतच तिकडं गेला की.

संध्याकाळी अण्णा आले, चपला हातात. मी म्हणालो, "मारुती लातूरला गेलाय, अण्णा. दिवाळीतच. रोज माझ्याशी खोटं बोलायलात."

अण्णांचे कान लाल झाले. ते ओट्यावर टेकले, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग माझ्याकडं न बघता पुटपुटले, "एवढ्यानं काय होतंय."

मी त्यांच्या चपला घेतल्या. आत नेऊन गंगूच्या चपलांशेजारी ठेवल्या. मग माझ्याही पायातल्या काढल्या, तिथंच ठेवल्या अन् बाहेर येऊन बसलो.