व्याख्येचं पान

हिंजवडीजवळच्या माण गावातली ती खोली बघायला गेलो तेव्हा मी एकच साधा प्रश्न विचारला होता. "इथे शांतता असते ना?"

ओट्यावर पायजमा-बंडीतले एक गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली आणि विचारलं, "शांतता म्हंजी काय?"

मला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. "म्हणजे... शांत. आवाज नसतो ना?"

"आवाज म्हंजी? कोंबडा आरवतुया, त्यो आवाज का? कंपनीच्या गाड्या पहाटं हॉर्न मारत्यात, त्यो? का म्या खोकतुया, त्यो? आदी नीट ठरवा पाव्हनं. मागनं म्हनशीला, तात्यानं फसवलं."

हे तात्या. पुढची चार वर्षं माझे घरमालक. मी परभणीहून हिंजवडीतल्या एका कंपनीत नवीन नोकरीला आलेला. तात्यांची भाताची खाचरं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी सहा खोल्या बांधल्या होत्या. मागच्या दोन खोल्यांत ते स्वतः एकटे राहायचे.

भाडेकरार त्यांनी स्वतः लिहिला होता. हिंजवडीच्या चौकातल्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून आणलेली अकरा पानं, त्यातली सात नुसत्या व्याख्यांची. मला त्यातल्या काही अजून तोंडपाठ आहेत. 'पाहुणा म्हणजे जो दाराबाहेर चप्पल काढतो व त्याच दिवशी ती चप्पल घालून परत जातो तो. चप्पल दुसऱ्या दिवशीही दिसल्यास सदर इसम पाहुणा समजला जाणार नाही.' 'पाणी म्हणजे नळातून येईल ते, मग ते टँकरचे असो वा विहिरीचे. नळातून येणारी हवा या व्याख्येत धरलेली नाही.' 'स्वयंपाक म्हणजे ज्यात फोडणी आहे तो. नूडल्स उकळणे हा स्वयंपाक नव्हे, परंतु भांडे त्याच दिवशी घासावे.'

सही करताना मी हसलो. तात्या हसले नाहीत. "हस, हस," म्हणाले, "पन वाचून हस."

गावात त्यांना कोणी सरळ आमंत्रण द्यायचं धाडस करत नसे. कोणी म्हटलं, "तात्या, लग्नाला लवकर या," की तात्या विचारणार, "लवकर म्हंजी अक्षदांच्या आदी का हळदीच्या आदी?" ग्रामसभेत एकदा सांगितलं गेलं की रस्त्याचं काम लवकरच सुरू होईल. तात्या उभे राहिले आणि 'लवकरच'ची व्याख्या कागदावर लिहून मागितली. ती मिळेना आणि ते बसेनात. शेवटी सभाच उठली.

पण विम्याचा कागद आला की याच लोकांचे पाय तात्यांच्या ओट्याकडे वळायचे. जमिनीचे पैसे आल्यापासून माणमध्ये एजंटांचा सुळसुळाट झाला होता आणि घरोघरी ट्रंकेत दोन-तीन पॉलिस्या पडलेल्या असत. तात्या चष्मा लावायचे, हसऱ्या कुटुंबाचं चित्र असलेलं पहिलं पान उलटवायचे आणि थेट व्याख्यांवर जायचे. "म्होरल्या पानावं कंपनी पाव्हन्यावानी ग्वाड बोलती. हितं बग, हितं ती घरातल्यावानी बोलती."

शेजारच्या पार्वताकाकूंचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं. गवत काढताना त्यांना साप चावला. जीव वाचला, पण डावं पाऊल कायमचं अधू झालं. अपघात विम्याचा अर्ज केला तर कंपनीचं उत्तर आलं की सर्पदंश अपघाताच्या व्याख्येत बसत नाही. तात्यांनी काकूंना गाडीत घातलं आणि पुण्याच्या ऑफिसात नेलं. टाइप केलेला अर्ज धरायला मला सोबत घेतलं.

साहेबांसमोर तात्यांनी पान उघडलं. "वाचा. अपघात म्हंजी बाह्य, हिंसक आन् दृश्य कारनानं अचानक घडलेली घटना. बराबर? आता सांगा, साप बाहेरचा व्हता का काकूच्या पोटातला?"

"बाहेरचा," साहेब म्हणाले.

"चावला म्हंजी हिंसक व्हता का प्रेमळ?"

साहेबांनी पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"ऱ्हायलं दृश्य."

इथे पार्वताकाकूंना राहवलं नाही. "दिसत व्हता की! म्या त्येच्यावं पाटी उपडी घातली आन् मंग बोंबलले. समद्या आळीनं बगितला!"

साहेबांनी फाइल बंद केली, पाणी मागवलं आणि प्रकरण पुन्हा वर पाठवलं. दोन महिन्यांनी मंजूर झालं. काकूंनी आळीत पुरणपोळ्या वाटल्या. तात्यांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "ह्या मातुर व्याख्येत बसत्यात."

तात्या जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा माझ्या फ्लॅटच्या करारनाम्यावर सही करताना मी आधी व्याख्यांचं पान काढलं, तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "सर, हे कोणी वाचत नाही." मी तरीही पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. त्याला कारण सांगता आलं नाही. ते असं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला डेंग्यू झाला. खोलीतला सोबती गावी गेलेला. सकाळी तात्या टाकी भरली का बघायला आले आणि मी दारात बसलेला त्यांना दिसलो. उठता येत नव्हतं. त्यांनी मला जीपमध्ये घातलं. गावातला दवाखाना दोन मिनिटांवर होता, पण तात्यांनी तिकडे बघितलंही नाही. गर्दीतून शिव्या घालत त्यांनी जीप हिंजवडीच्या एका मोठ्या हॉस्पिटलपर्यंत नेली. मला बाकावर बसवलं आणि स्वतः आत गायब झाले. मग नर्सचा आवाज आला, "ओ आजोबा, वॉर्डात कुठे शिरताय?"

"खाटा मोजतुया."

"कशाला?"

"बावीस खाटा हायेत," बाहेर येऊन ते मला म्हणाले. "चालतंय. हितंच ऱ्हा."

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण? सहीला नातेवाईक लागतील." घरमालकाची सही चालणार नव्हती. कागदावर एक अक्षर इकडचं तिकडे होऊ न देणाऱ्या त्या माणसाने पेन घेतलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'चुलता'. मी बघतच राहिलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताप हाय तुला. गप बस."

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा ताप उतरला. तात्या उशाशी मोसंबी सोलत होते. मी विचारलं, "गावातला दवाखाना सोडून इतक्या लांब का आणलंत? आणि खाटा कशाला मोजल्या?"

त्यांनी उरलेली साल काढली. मग म्हणाले, "सुमनच्या छातीत दुकाया लागलं तवा म्या तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. वळखीचं डाक्टर व्हतं. दोन दिस व्हती. तितंच गेली."

सुमनकाकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, फोटो मी त्यांच्या घरात पाहिला होता. बाकी काही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"विमा व्हता तिचा. मागनं कंपनीचं पत्र आलं. पॉलिसीत लिवलेलं, रुग्णालय म्हंजी पंदरा खाटा. तितं नऊ व्हत्या. म्हनून सदर ठिकान हे रुग्णालय न्हाई." त्यांनी मोसंबी बाजूला ठेवली. "पैशाचं म्या कवाच सोडलं. पन ते रुग्णालय न्हवतं, तर मंग म्या तिला नेली कुटं? तवापास्नं ह्येच डोसक्यात हाय बग. म्या वाचलं असतं, दुसरीकडं नेली असती, तर..."

मी विचारलं, "तिथे डॉक्टर होते?"

"व्हते. दोन दिस घरी गेलं न्हाईत."

"सिस्टर?"

"येक पोरगी व्हती. सुमनची येनी घालायची. लई माया केली तिनं."

"औषधं?"

"लागली ती समदी."

"मग तात्या, ते हॉस्पिटलच होतं. तुम्ही सुमनकाकूंना हॉस्पिटललाच नेलं होतं."

तात्यांनी चष्मा काढला. बंडीच्या टोकाने काचा पुसल्या, पण परत लावला नाही.

"पुन्ना म्हन," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून.