गाडीला कंपाउंड मारलं!

"आज ही गाडी अशी चमकवते, की लोक तिच्यात बघून भांग पाडतील!"

तुफानने ही घोषणा केली तेव्हा ऐकायला फक्त गाडी आणि झाड होतं. दोघंही काही बोलली नाहीत. तुफानने त्याला मूक पाठिंबा समजून बाह्या वर केल्या. हल्ली तिचं असंच चाललं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मारल्यापासून जगातलं कुठलंही काम आपल्याला जमणारच, अशी तिची पक्की खात्री झाली होती. (घरात तिला तुफान म्हणतात. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, ते तिथेच बरं आहे.)

गाडी जुनी, लाल आणि बाबांची लाडकी. पण झाडाखाली उभी राहून राहून टपावर चिकाच्या अशा टणक पिवळ्या गाठी जमल्या होत्या, की बिचारीला गोवर आलाय असं वाटावं! चिकाचं एवढं काही नव्हतं. खरं दुखणं होतं डावीकडच्या मागच्या दारावर. तिथे ओरखडे होते आणि ते आईचे होते.

आई गाडी शिकत होती तेव्हाची गोष्ट. फाटकातून आत घेताना कंपाउंडच्या भिंतीला दार घासलं. खर्रर्र! ओरखडे तसे हलकेच. पण बाबांची जीभ हलकी नाही ना! जो घरी येईल त्याला दाराशी नेऊन म्हणायचे, "बघा, ही आमच्या बाईसाहेबांची सही!" पाहुणे हसायचे. आईही हसायची. आणि एके दिवशी हसता हसताच तिने किल्ली खुंटीला अडकवली, ती पुन्हा काढलीच नाही. "मला कुठे वेळ असतो गं?" म्हणायची. पण गाडी धुताना त्या दाराशी आली की आईचा हात भराभर पुढे सरकायचा. हे बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. तुफानने पाहिलं होतं.

सही पुसली की आई पुन्हा चालवणार. सोपं गणित! (तुफानचे गणितातले मार्क इथे विचारू नयेत.)

रंगाच्या दुकानातल्या काकांनी युक्ती सांगितली होती. "ओरखड्यावरून नख फिरव. अडकलं तर गाडी पेंटरकडे ने. नाही अडकलं तर कंपाउंड मार, निघून जाईल." कंपाउंड म्हणजे डबीतली जाडसर, रवाळ पेस्ट. मऊ फडक्यावर घेऊन रंगावर हलक्या हाताने गोल गोल चोळायची. यालाच कंपाउंड मारणं म्हणतात. आता हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळेच झालाय!

आई-बाबा कामावर गेले आणि तुफान कामाला लागली. गरम पाण्यातलं फडकं पिळून चिकाच्या गाठींवर ठेवलं, तापातल्या माणसाला पट्टी ठेवतात तसं. गाठी मऊ झाल्या. मग कापसावर स्पिरिट घेऊन एकेक गाठ विरघळवली. टपाचा गोवर गेला! मग दाराशी आली. श्वास रोखून नख फिरवलं. अडकलं नाही! तुफानने तिथल्या तिथे एक गिरकी घेतली आणि डबी उघडली.

गोल गोल. हलक्या हाताने. फडकं लाल व्हायला लागलं. काकांनी तेही सांगितलं होतं, जुन्या रंगावरची मेलेली साय निघते म्हणून. आणि ओरखडे? फिके... आणखी फिके... अहो, खरंच फिके!

तेवढ्यात फोन वाजला. आई! ती दातांच्या दवाखान्यात काम करते. मागे डॉक्टरबाईंचं मशीन घूंऽऽ घूंऽऽ करत होतं.

"काय करतेयस गं? धापा का टाकतेयस?"

हे गुपित ठेवायचं असं तुफानने ठरवलं होतं. पण तिच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी.

"आई! मी गाडीला कंपाउंड मारलं!"

"काय? गाडी कंपाउंडला मारलीस?"

"हो हो! मागच्या दाराला! डावीकडे!"

घूंऽऽ घूंऽऽ.

"अगं... तुला लागलंय का कुठे?"

तुफानने हातांकडे पाहिलं. "लागलंय ना! दोन्ही हातांना. गालालाही लागलंय थोडं."

"पूस ना ते! फडकं धर!"

"धरलंय! फडकं लालभडक झालंय नुसतं! पण आई, तू काळजी करू नको, सगळं निघे..."

आणि कंपाउंडने बुळबुळीत झालेल्या हातातून फोन सटकला आणि थेट गरम पाण्याच्या बादलीत. बुडुक!

पलीकडे आईला ऐकू आलं ते एवढंच: "काळजी करू नको, सगळं निघे... बुडुक!"

पुढचं तुफानला नंतर कळलं. आईने बाबांना फोन केला, शेजारच्या मावशींना केला आणि पर्स उलटीच खांद्याला लावून दाराकडे धावली. डॉक्टरबाई ओरडल्या, "मी सोडलं असतं हो, पण यांचा दात अर्धा बाहेर आलाय! माझी गाडी घेऊन जा!" आई म्हणाली, "मी? मी नाही चालवत!" तेव्हा खुर्चीतल्या पेशंटने तोंडात बोळे असतानाच आईला हाताने हाकललं. "आ! आ! आआआ!" म्हणजे, जा, जा, काय बघताय!

आई निघाली.

इकडे शेजारच्या मावशी बँडेजचं पुडकं घेऊन आल्या आणि आधी भिंत चाचपून पाहिली. भिंत त्यांचीही होती ना!

"कुठे आपटलीस गं?"

"काय?"

"गाडी! आई म्हणाली, कंपाउंडला मारलीस!"

"कंपाउंडला नाही हो मावशी, कंपाउंड!"

"अगं, तेच म्हणतेय मी! कंपाउंड!"

तुफानने डबी वर धरली. मावशींनी डबीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बँडेजकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून स्वतःच्या फोनवरून आईला फोन लावला. आई उचलेना. कशी उचलणार?

कारण तेवढ्यात कोपऱ्यावरून एक लांबलचक पांढरी गाडी वळली. भर्रकन आली, फाटकातून आत शिरली, खर्रर्र झालं, आणि झाडाखाली थांबली. दार उघडून आई धावत सुटली आणि तिने तुफानचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कुठे लागलंय? दाखव! कुठे?"

"आई... पेस्ट लागलीये."

समजावायला बराच वेळ लागला. मावशी मधूनमधून "कंपाउंड म्हणजे ते कंपाउंड नाही" असं सांगून घोळ वाढवत होत्या. शेवटी आईचं लक्ष दाराकडे गेलं. ती जवळ गेली. जिथे ओरखडे होते तिथून तिने हात फिरवला. या वेळी अगदी सावकाश.

"माझी सही?"

"पुसली," तुफान हळूच म्हणाली. ध्वनिक्षेपक गाजवणाऱ्या मुलीचा आवाज एवढासा झाला होता. "तू परत गाडी शिकावीस म्हणून."

 आईने मागे वळून पाहिलं. पांढरी गाडी दार सताड उघडं टाकून अजून धडधडत उभी होती.

"अगंबाई," आई म्हणाली, "मी चालवत आले!"

आणि ती हसली. पाहुण्यांसमोर हसायची तशी नाही. अगदी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! आईने तुफानला मिठी मारली आणि तिच्याही गालाला कंपाउंड लागलं.

तेवढ्यात बसमधून उतरून पळत पळत बाबा आले. केस विस्कटलेले, शर्ट अर्धा बाहेर. लेक धडधाकट पाहून ते पायरीवरच बसले. मग त्यांची नजर पांढऱ्या गाडीवर गेली.

"ही कोणी आणली?"

"मी," आई म्हणाली. ताठ मानेने.

बाबा उठले. गाडीभोवती फिरले. डावीकडे थांबले. मागच्या दारावर भिंतीची करडी रेघ उमटली होती. नवीकोरी! बाबांनी तोंड उघडलं. आईची मान थोडी खाली गेली. तुफानने मनातल्या मनात बाबांसाठी दहा शिव्या तयार ठेवल्या.

बाबांनी तोंड मिटलं. गुडघ्यावर बसून त्या रेघेवरून हलकेच नख फिरवलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"तुफान," ते म्हणाले, "कंपाउंड उरलंय का गं?"

तुफान डबी आणायला धावली. आणि शेजारच्या मावशी पुन्हा भिंत चाचपायला!