भल्लासाहेबांची फाइल

सॅम्युएलकाका गायकवाडांच्या कादंबरीत व्हॅम्पायरच्या छातीत लाकडी खुंटी ठोकायची असेल, तर आधी तीन कोटेशन्स मागवावी लागतात. सगळ्यांत स्वस्त खुंटी पास होते आणि ऐन वेळी मोडते.

"मोडणारच," काका म्हणतात. "पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीवर बसलोय मी. रेकॉर्डवर असू द्या."

हे 'रेकॉर्डवर असू द्या' काकांचं पालुपद. लिफ्ट बंद पडली, चहात आलं कमी पडलं, समोरच्या गुप्तांचा कुत्रा त्यांच्यावर भुंकला, सगळं रेकॉर्डवर असू द्यायचं. कुत्र्यालासुद्धा एकदा हे मराठीत सांगताना मी ऐकलं आहे. तो गप्प झाला.

काका आमच्या दिल्लीतल्या, जमनापारच्या म्हणजे यमुनेपलीकडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नगरचे, ख्रिस्ती, कुठल्याशा मंत्रालयात फायली हलवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, मुलांकडे अमेरिकेला जातात. काकांनी एजंट टिपणीसला जन्माला घातलं.

टिपणीस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळतो आणि फावल्या वेळात देशाचं व्हॅम्पायरांपासून रक्षण करतो. त्याचा शत्रू त्याच खोलीत, दोन टेबलं सोडून बसतो. भल्लासाहेब. हे इंग्रजांच्या काळात नोकरीला लागले. मरत नाहीत, आणि जन्मतारखेचा दाखला हरवला असल्यामुळे निवृत्तही होत नाहीत. उन्हात त्यांना येता येत नाही, म्हणून उन्हाळाभर मेडिकल लीव्ह. जानेवारीत धुकं पडलं की सकाळी अकराला हजर.

सुरुवातीला मी हुशारी दाखवायचो. म्हटलं, "काका, व्हॅम्पायर लसणीला घाबरतात ना?"

"दिल्लीत? अहो, भल्लासाहेब पंजाबी आहेत. त्यांच्या दालीतच अख्खा गड्डा असतो."

"मग क्रूस दाखवा त्यांना. तुमच्या घरातच आहे."

काकांनी चष्मा काढला. "क्रूस म्हणजे काय झुरळांचा फवारा आहे?"

त्यानंतर मी हुशारी बंद केली.

एकदा टिपणीस भल्लासाहेबांचा पाठलाग करत पानिपतपर्यंत गेला. वाटेत काला अंब लागलं, पानिपतच्या लढाईचं स्मारक. आता मराठी माणूस तिथून तसाच पुढे जाईल कसा? टिपणीस उतरला, चपला काढल्या, हात जोडले, डोळे पुसले. दोन पानं. तोवर भल्लासाहेब पुढच्या गाडीत काच वर करून मुकाट्याने थांबले. पाठलाग नंतर पुन्हा सुरू.

या कादंबरीची छापील प्रत नाही. ती फाइल आहे. हिरवट टिपणी-कागद, पांढरा टॅग, वर पुठ्ठ्याचं कव्हर. दर महिन्याला एक प्रकरण, आणि ते सोसायटीतल्या मराठी घरांत 'अभिप्रायार्थ सादर' होऊन फिरायचं. आधी दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णींकडे. ते मुंगीएवढ्या अक्षरात तर्क लढवायचे: 'धुक्यात टिपणीसला शत्रू दिसला, पण बस दिसली नाही, हे पटत नाही.' मग तळमजल्यावर कामतवहिनींकडे. वहिनींची शाई जांभळी आणि अभिप्राय घरगुती: 'पानिपतला गेलाच होता तर दोन ब्लँकेट्स आणायची होती. तिथे छान मिळतात.' शेवटी फाइल त्यांच्या शेजारी, माझ्याकडे यायची.

आणि मी? मीही सरकारी नोकर. फाइल न वाचता सही करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. मी तळाशी लिहायचो, 'पाहिले.' खाली सही. बायको म्हणायची, "अहो, एवढा म्हातारा माणूस लिहितो, वाचा तरी." मी म्हणायचो, "वाचतो ना. रविवारी." त्या रविवारची जन्मतारीखही बहुधा हरवलेली असावी.

गेल्या जानेवारीत, समोरची इमारतही दिसू नये अशा धुक्यात, काका फाइल घेऊन दारात आले. कव्हरवर लाल चिठ्ठी: 'तात्काळ'. मी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होतो.

"या वेळी 'पाहिले' चालणार नाही," काका म्हणाले. "सहमत की असहमत, ते लिहा."

"लिहितो ना काका. आत तर या."

"नको. ड्यूटीवर आहे."

मी फाइल चपलांच्या रॅकवर ठेवली, शेवटचं पान उघडलं आणि लिहिलं, 'सहमत.' खाली सही. ऑफिसात हाच शब्द सगळ्यांत सुरक्षित असतो.

काकांनी वाकून वाचलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. पालुपद नाही. आणि फाइल रॅकवरच राहिली. मला वाटलं, थंडीमुळे असेल.

फाइल उचलली माझ्या मुलीने, मीराने. तिचा जन्म दिल्लीचा. तिचं मराठी अडखळत चालतं, पण भल्लासाहेबांची प्रकरणं वाचण्याइतकं चालतं हे मला माहीतच नव्हतं.

"बाबा!" ती आतून ओरडली. "तुम्ही भल्लासाहेबांना मारायला हो म्हणालात?"

"मी?"

"सही आहे तुमची! ऐका." ती बोट ठेवून वाचू लागली. "'प्रस्ताव. भल्लासाहेबांना ठार करावे. एजंट टिपणीस यांना निवृत्त करावे. फाइल कायमची बंद करावी. लेखकाने राहते घर सोडून नगरला पुतणीकडे राहण्यास जावे. वाचकांच्या मंजुरीसाठी सादर.' बाबा, काका चालले? पक्कं?"

मी दुसरा मोजा शोधायचा थांबलो. "बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

"कुलकर्णी अंकल लिहितात, 'तीव्र विरोध. जो माणूस दाखल्याअभावी निवृत्त होऊ शकत नाही, तो खुंटीने कसा मरेल?' आणि कामतआंटी लिहितात, 'मारू नका हो. एकटाच आहे बिचारा. एकदा जेवायला बोलवा.'"

"चला, म्हणजे दोन विरुद्ध एक," मी सुटकेचा श्वास सोडला.

"पण बाबा," मीरा म्हणाली, "कुलकर्णी अंकल तो दो साल पहले पुणे शिफ्ट हो गए ना? आणि कामतआंटी..."

तिने वाक्य पूर्ण केलं नाही. कामतवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिला होता.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि पानं मागे मागे उलटत गेलो. दोन वर्षांची चोवीस प्रकरणं. प्रत्येकाखाली मुंगीएवढ्या अक्षरात तर्क, प्रत्येकाखाली जांभळी शाई. वहिनींची वेलांटी काकांच्या हातून जराशी थरथरत होती, एवढाच फरक. मध्ये कुलकर्णी आणि वहिनी यांचं चार महिने भांडणही चाललं होतं, भल्लासाहेब साबुदाण्याची खिचडी खातील की नाही यावरून. आणि सगळ्यांच्या खाली, चोवीस वेळा, माझं 'पाहिले.'

जे इथे नव्हते, ते सगळे काकांना थांबवत होते. जो एकटा खरोखर इथे होता, त्याने एका पायात मोजा घालून 'सहमत' लिहिलं होतं.

सरकारी फाइलवर खाडाखोड चालत नाही. नवी टिपणी लिहावी लागते. मीराने पेन दिलं. मी लिहिलं, 'वरील सहमती न वाचता दिली गेली, ती मागे घेत आहे. श्री. कुलकर्णी आणि' ... पुढे 'कै.' लिहायला पेन टेकवलं, उचललं. 'आणि कामतवहिनी यांच्याशी पूर्ण सहमत. फाइल चालू ठेवावी. नवीन वाचक कु. मीरा हिचे नाव यादीत घ्यावे. भल्लासाहेबांना रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला बोलवावे. सोबत लेखकानेही यावे. ड्यूटीवर असले तरी.'

चार मजले मी एकाच मोज्यात चढलो. काकांनी दार उघडलं. मागे खोलीत एक बॅग अर्धी भरलेली, पलंगावर पडली होती. त्यांनी फाइल हातात घेतली आणि दारातच उभं राहून वाचली. मग पुन्हा वाचली. वहिनींच्या नावावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं.

"तारीख नाही टाकलीत," ते म्हणाले.

मी भिंतीला टेकवून तारीख टाकली. काकांनी फाइल परत घेतली, टॅग नीट आवळला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत म्हणाले,

"वहिनींना बरं वाटेल."

"हो काका," मी म्हटलं. "रेकॉर्डवर असू द्या."